खुणेचं नाव

ओमाहा, नेब्रास्का
४ डिसेंबर १९६२

प्रिय लायल,

घरी येऊन आठवडा झाला. माझी बायको ऑपल म्हणते, मी अजून जेवताना एक हात ताटावर ठेवतो, जसं काही ते घरंगळून जाणार आहे. पेन्साकोलाच्या त्या गरगर फिरणाऱ्या खोलीत इतके दिवस राहिल्यावर स्थिर घर जरा बेचवच लागतं. इथे फेकलेला चेंडू मुकाट सरळ जातो. मजा नाही.

छापखान्यातले लोक विचारतात, नौदलानं तुला नेलं तरी कशासाठी? मी कागदावर लिहून दाखवतो, माझ्या कानात जे नाही त्यासाठी. चौथ्या वर्षी मेंदूज्वर आला, त्यानं ऐकणं नेलं आणि जाता जाता कानाच्या आतला तोल सांभाळणारा भागही नेला. आजवर मला वाटायचं, चोरानं घर धुऊन नेलं. आता डॉक्टर टील सांगतात, जे चोरीला गेलं त्याच्याचमुळे तुम्हा ऐकणाऱ्यांना ओकाऱ्या होतात. बोटीत होतात, विमानात होतात आणि वर अंतराळात, जिथे वजनच उरत नाही, तिथेही होणार. त्या चोरावरचा माझा राग थोडा कमी झालाय.

तू आमच्यात एकटा ऐकणारा, तुलनेला घेतलेला वैमानिक. आम्ही तिघे बहिरे पत्ते कुटतोय आणि तू पडद्याआड बादली छातीशी धरून बसलायस, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. टीलचे लोक काचेतून डोकावले की तू तोंड पुसून बाहेर यायचास आणि तुझ्या त्या अडाणी बोटांनी एकेक अक्षर जुळवत विचारायचास, "पान कुणाचं?" बादली विसळताना मी आम्हा तिघांतल्या ओटिसला म्हटलं, इतका चिवट माणूस मी जन्मात पाहिला नाही.

तर बातमी अशी की तुझं बारसं झालं. शनिवारी इथल्या बहिऱ्यांच्या क्लबात तुझी हकीकत सांगितली. आमच्यात खुणेचं नाव स्वतःहून घेता येत नाही, ते मिळावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला तर वर्षानुवर्षं मिळत नाही. तुला मिळालं. दोन्ही हातांनी बादली छातीशी धरायची आणि मान खाली घालायची. बादली! तोंड वाकडं करू नकोस. माझं नाव 'शाईचं नाक' आहे आणि मी ते सोळाव्या वर्षापासून मिरवतोय.

ते तरंगवणारं विमान आठवतं? उंच चढायचं आणि मग एकदम हात सोडल्यासारखं खाली यायचं. तेवढ्या वेळात तू डोळे मिटून पट्ट्याला लोंबकळत होतास आणि मी काचेला नाक लावून होतो. एकदा समुद्र माझ्या डोक्यावर आला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला उलटं वाचायची सवयच असते. उतरल्यावर टीलना विचारलं, मला पाठवाल का वर? ते हसले आणि ओठ सावकाश हलवत म्हणाले, "वेंडेल, रेडिओ कोण ऐकणार?" मीही हसलो. दुसरं काय करणार!

जानेवारीत पुन्हा बोलावलंय. तुझं काय ते लिही.

तुझा
वेंडेल


मेरीलँड
१६ डिसेंबर १९६२

प्रिय वेंडेल,

नाव पावलं. माझ्या आईला कळलं तर म्हणेल, चर्चमध्ये ठेवलेलं काय वाईट होतं? पण आरशासमोर उभं राहून मी ते दोनदा करून पाहिलं. बायको दारातून बघत होती. तिला वाटलं, पुन्हा मळमळतंय.

तुझी युक्ती रोज चालू आहे. समोरच्या एका स्क्रूवर नजर ठेवायची, मान हलवायची नाही. तू म्हणाला होतास, ऐकणाऱ्याच्या डोक्यात कान सांगतात एक, डोळे सांगतात दुसरंच, आणि बिचारं पोट दोन घरचा पाहुणा, ते उपाशीही राहत नाही आणि जेवलेलंही ठेवत नाही. अगदी तसंच आहे.

आता खरी गोष्ट. वर जाणाऱ्यांच्या नव्या यादीत माझं नाव येण्याची चिन्हं आहेत. वेंडेल, लहान असताना मी धान्याच्या कोठीच्या टोकावर चढून बसायचो आणि वडील खालून शिव्या द्यायचे. तेव्हापासून मला वरच जायचंय. दुसरं काही कधी हवंसं वाटलंच नाही, हे बायकोला सांगू नकोस.

शेवटचा शब्द टीलचा. म्हातारा तुम्हा लोकांवर फार विश्वास टाकतो. जानेवारीत माझा विषय निघालाच तर माझ्याबद्दल चार चांगले शब्द टाक. बादलीचं काय, ते तू समजून आहेसच. शहाण्याला शब्दाचा मार.

तुझा
लायल


पेन्साकोला, फ्लोरिडा
२३ जानेवारी १९६३

प्रिय बादली,

पेढे वाटायला लाग! पण आधी माझी फजिती ऐक. इथे पाण्याच्या टाकीत आम्हाला बुडी मारायला लावतात, वजन नसल्यासारखं कसं वाटतं ते बघायला. परवा मी तळाशी असताना दिवे गेले. अंधार झाला आणि वर कुठे, खाली कुठे, काही म्हणता काही कळेना. तुम्हाला कान सांगतात, मला कोण सांगणार? मी जीव खाऊन वर पोहत गेलो आणि डोकं फरशीवर आपटलं. ओटिसनं पाय धरून ओढलं नसतं तर या पत्राऐवजी ऑपलला काळ्या कडेचं पत्र गेलं असतं. बाहेर आल्याबरोबर मी टीलना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी टाकीच्या चारी कडांना बॅटरीचे दिवे लागले. माणसानं बोलावं ते यासाठी.

आता तुझं. काल जेवताना टीलनी विचारलं, "तुम्ही मंडळी लायलला काय म्हणता?" मी करून दाखवलं. त्यांना हसू आलं. म्हणाले, "बादली का बरं?" मग काय, मला तर संधीच हवी होती. सगळं सांगितलं, हातांनी आणि अडलं तिथे कागदावर. पहिल्या दिवसापासून ओकत होतास, पोटात पाणी ठरत नव्हतं, तरी एकदाही 'थांबवा' म्हणाला नाहीस. बादली आम्ही विसळायचो आणि तू लगेच पत्ते वाटायला हजर. मी ओटिसलाही उभं केलं, त्यानं तुझी हुबेहूब नक्कल केली. टीलनी चमचा खाली ठेवला. ऐकणारा माणूस इतकं लक्ष देऊन माझ्या हातांकडे क्वचितच बघतो. त्यांनी मधेच विचारलं, "आणि कागदावर मात्र तो 'त्रास नाही' असं लिहायचा?" मी म्हटलं, दर वेळी! केवढा हा नम्रपणा!

चार शब्द मागितले होतेस, मी चारशे टाकले. बादलीबद्दल तू संकोचत होतास ते मी ओळखलं, पण वेड्या, त्यात लाजायचं काय? भित्रा माणूस पहिल्याच दिवशी दार ठोठावतो.

वर गेल्यावर आम्हाला विसरू नकोस.

तुझा
शाईचं नाक


ओमाहा
२ एप्रिल १९६३

प्रिय लायल,

हे तिसरं पत्र. मधल्याचंही उत्तर नाही. आजारी आहेस की मोठा झालास?

काल यादी पेपरात आली. ते पान मीच जुळवलं, घाईत, अर्थ न वाचता. छापून झाल्यावर वाचतो तर तुझं नाव नाही. वाटलं, माझ्याच हातून ओळ गळाली. फोरमनच्या टेबलावरून मूळ कागद काढून पुन्हा पाहिला, त्यातही नाही. त्यांची काहीतरी चूक झाली असणार. टीलना लिहू का? ते माझं ऐकतात.

वेंडेल


मेरीलँड
२० एप्रिल १९६३

वेंडेल,

टीलना लिहू नकोस. त्यांना आता काहीही लिहू नकोस.

तुझ्या हातून ओळ गळाली नाही. नाव नव्हतंच. फेब्रुवारीत त्यांनी मला बोलावलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कमांडर, बादली म्हणजे काय?" मला त्रास झाला म्हणून काढलं नाही. तो बऱ्याच जणांना होतो. मी लपवला म्हणून काढलं. जो जमिनीवर खोटं लिहितो तो वर गेल्यावर काय लिहील, असं ते म्हणाले. त्यांचं चूक नाही.

आम्हा वैमानिकांत डॉक्टरला कुणी काही सांगत नाही. अंगात ताप असला तरी हसतो, बरगडी मोडली तरी शीळ घालतो. मित्राचं दुखणं तर मेला तरी सांगत नाही. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. मला वाटलं, जगात सगळ्यांनाच माहीत असतं. 'समजून आहेसच' असं लिहिलं, तिथेच चुकलो. स्पष्ट लिहायला हवं होतं.

तुझ्यावर राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं तुला आवडत नाही. आता नव्या पोरांना फळ्यावर खडूनं विमान काढून शिकवतो. काही दिवस पत्र पाठवू नकोस.

लायल


ओमाहा
२९ एप्रिल १९६३

लायल,

पाठवू नकोस म्हणालास, तरी एवढं एकच.

माझ्या घरी सगळे ऐकणारे होते. जेवणाच्या टेबलावर सगळे हसायचे. मी आईचा हात ओढून विचारायचो, काय झालं? ती म्हणायची, "काही नाही रे, नंतर सांगते." ओठांवरचं वाचायला मी शिकलो तेव्हा सगळ्यात आधी मला हेच वाचता आलं. नंतर सांगते. ते नंतर कधी आलं नाही. आजी वारली हे मला तिची खुर्ची हलवल्यावर कळलं.

मग बहिऱ्यांच्या शाळेत गेलो आणि तिथे कुणी कुणापासून काही राखत नव्हतं. कुणाचा बाप दारू पितो, कुणाला मूळव्याध झाली, कुणाचं कुणावर मन बसलंय, सगळं सगळ्यांना. ज्याच्यापासून लपवतात तो परका. आम्ही तुला बादली नाव दिलं तेव्हा तुला आपल्यात घेतलं होतं. टीलसमोर मी छाती फुगवून तुझं कौतुक सांगत होतो, लायल. आणि सांगता सांगता तुझी कोठी खालून कापत होतो.

मला रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हेच आठवतं. ऑपल म्हणते, तुला काय ठाऊक होतं? ठाऊक नव्हतं हे खरं, पण त्यानं तू वर जात नाहीस.

वेंडेल


ह्यूस्टन, टेक्सास
९ सप्टेंबर १९६६

प्रिय वेंडेल,

अक्षर ओळखलंस का? तीन वर्षं गेली. मधे मुलगी झाली, ती माझ्यासारखीच कशावरही चढते. माझा राग तिच्या जन्माच्या आधीच संपला होता. लिहायला मात्र तोंड नव्हतं. नाताळात येणारी तुझी कार्डं सगळी जपून ठेवली आहेत.

आता ऐक. नवी यादी निघाली आहे आणि माझ्या जुन्या प्रमुखानं शब्द टाकला. खुर्चीत बसवून गरगरवण्याच्या सगळ्या चाचण्या पार केल्या. स्क्रू, आणि मान हलवायची नाही. आतून काय होतं ते मी तुला सांगायला नको. फक्त टीलचं जुनं टिपण आड येतंय. मी टीलना सांगितलं की त्या वेळी मला कालवं बाधली होती. खोलीत शिरण्याच्या आदल्या दिवशी धक्क्यावर आपण चौघांनी खाल्ली, सगळ्यांचीच पोटं बिघडली, आणि तुला हे कारण माहीत नव्हतं म्हणून तू तसं सांगितलंस. ते तुला लिहून विचारणार आहेत.

मागच्या वेळी सुचवलं आणि घात झाला. या वेळी स्पष्ट लिहितो. माझ्यासाठी खोटं बोल. तू नाही म्हणालास तरी आपली दोस्ती जाणार नाही, हे मात्र खरं लिहितोय.

लायल


ओमाहा
१७ सप्टेंबर १९६६

प्रिय लायल,

टीलचं पत्र तुझ्या पाठोपाठ आलं. उत्तर आज टपालात टाकलं. "होय, कालवं आम्ही सगळ्यांनीच खाल्ली होती, माझंही पोट बिघडलं होतं." माझ्या पोटाला आयुष्यात काही झालेलं नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरी लिहिलं. ते वाचून काय समजायचं ते समजतील. म्हातारे झालेत, कदाचित त्यांनाही हेच हवं असेल.

मला बरं वाटलं नाही. ते तुझ्यापासून लपवत नाही. वर तुला काही झालं तर कालवं माझ्या घशात अडकतील. पण एकदा बोलून तुझं सगळं घालवलं, आता खोटं लिहून मिळत असेल तर घे. ऑपलला सांगितलेलं नाही. लग्नानंतर असं पहिल्यांदाच.

याचा मोबदला हवा, फुकट नाही. वर खिडकी असेल ना? तिच्यातून बघ आणि मला सांग. जसं आमच्यात सांगतात तसं सांग. आधी काय दिसलं, डावीकडे काय होतं, निळा म्हणजे कुठला निळा, कडा कुठे संपते आणि संपल्यावर काय असतं, पृथ्वी डोक्यावर आली की तिची तीच दिसते की अनोळखी वाटते. मला कुणी नेणार नाही हे मी कधीच मान्य केलंय. पण तुझ्याकडे डोळे आहेत आणि तू माझं देणं लागतोस. नुसतं 'छान होतं' म्हणालास तर ओमाहाहून येऊन बदडीन.

तुझा
वेंडेल


ओमाहा
२० मार्च १९६८

प्रिय, प्रिय बादली,

गेलास! आणि आलासही!

तू वर होतास तेवढे दिवस क्लबाचं दार बंद झालंच नाही. टीव्हीसमोर खुर्च्या लावून सगळे बसले होते. आवाजाचं आम्हाला काय, आम्ही तुझे ओठ वाचायला टपलो होतो, पण तुमचं ते शिरस्त्राण! ओटिस कॅन्ससहून गाडी हाकत आला. तू जहाजाच्या डेकवर पाऊल टाकलंस तेव्हा पाय असे पडत होते की ऑपल म्हणाली, "हा तर दिवा विझल्यावर तू चालतोस तसा चालतोय." सगळे हसले. मी रडत होतो, त्यामुळे नीट दिसलं नाही.

मथळा मी हातानं जुळवला. यंत्रावर नाही, मुद्दाम एकेक मोठा खिळा उचलून. "शब्द अपुरे पडतात: लायल हॅगर्टी". आता मला सांग, हे काय बोलणं झालं? शब्द अपुरे पडतात ही तुम्हा ऐकणाऱ्यांची पळवाट. आम्हाला दोन हात पुरतात.

मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की खरी हकीकत माझ्याकडे येणार आहे. पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी मी स्टेजवर उभा राहून सांगणार. आयोवाहून आणि कॅन्ससहून लोक येणार आहेत. काढ कागद आणि बस. काय काय पाहिलंस?

तुझा
शाईचं नाक


ह्यूस्टन
११ एप्रिल १९६८

प्रिय वेंडेल,

हे पत्र मी बऱ्याचदा सुरू केलं आणि फाडलं. काही ओळी तर छान जमल्या होत्या. यानातल्या माझ्या जोडीदारानं वर्णन केलेलं पाठ होतं, तेच तुला लिहून पाठवत होतो. वार्ताहरांना मी तेच सांगितलं. तुला पाठवता आलं नाही.

मी काही पाहिलं नाही.

इंजिन बंद झालं आणि वजन गेलं. त्याच क्षणी मला वाटलं, मी उलटा लटकलोय. डोळे सांगत होते, तू खुर्चीत बसलायस. बाकी सगळं अंग ओरडत होतं की छताला टांगलाय. मान वळवून खिडकीकडे एकदाच बघितलं. तिथे पृथ्वी होती, वरच्या बाजूला, छतासारखी, आणि ती सगळी माझ्या अंगावर यायला लागली. तोंडात आलेलं मी गिळलं, वेंडेल. वजन नसताना ओकलं तर ते हवेत फिरत राहतं, जोडीदाराला दिसलं असतं आणि त्याला ते खाली सांगावंच लागलं असतं. मी नजर वळवली आणि समोरच्या फळीवर एक स्क्रू शोधला. डोकं थोडं झिजलेलं, डावीकडे एक ओरखडा. उतरेपर्यंत मी त्याच्याकडे बघत होतो. कामं केली, बटणं दाबली, खालून विचारलं की "सगळं उत्तम" म्हणालो. जोडीदार खिडकीशी होता. तो मला सारखा बोलवायचा, "लायल, हे बघ रे, अरे हे बघ!" मी म्हणायचो, "बघतोय, बघतोय." नंतर नंतर त्यानं बोलावणं सोडलं.

कोठीवर चढणाऱ्या त्या पोराला मी तिथवर नेलं आणि त्याचे डोळे दाबून धरले. परत मला कुणी पाठवणार नाही, पाठवलं तरी हेच होईल. टीलना खरं कळलं असतं तर त्या खुर्चीत दुसरा कुणी बसला असता आणि त्यानं पोटभर पाहिलं असतं. तू बसला असतास तर काय झालं असतं, हा विचार वर असतानाही आला. रेडिओ ऐकणारा एक होताच की! बघणारा हवा होता.

तुझं देणं फेडता आलं नाही. त्या स्क्रूबद्दल मात्र काहीही विचार, सगळं सांगेन.

हे कुणाला सांगू नकोस असं या वेळी लिहीत नाही, सुचवतही नाही. तुझ्या लोकांना जे सांगावंसं वाटेल ते सांग.

लायल


ओमाहा
३० एप्रिल १९६८

प्रिय लायल,

तुझं पत्र वाचलं आणि हातातली बशी भिंतीवर फेकली. ऑपलच्या आईनं दिलेली होती. मला राग तुझा आला, टीलचा आला, त्या कालवांचा आला. मी तिथे असतो तर काचेवरचं नाक काढलं नसतं. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, तुला बोलतो. मी बघितलं असतं रे. माझ्यासाठी ते सोपं होतं.

मग राग गेला आणि तू दिसलास, स्क्रूकडे बघत बसलेला. आपण चौघं होतो तेव्हा निदान बादली विसळायला मी होतो. वर तर बादलीही नव्हती. ते ओरखड्याचं वाचून मला फार वाईट वाटलं.

शनिवारचं सांगतो. उभं राहायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत क्लबाच्या अध्यक्ष, म्हाताऱ्या मिसेस ड्रेसलर, चष्मा पुसून बसलेल्या. त्या जन्मात ओमाहाबाहेर गेलेल्या नाहीत. दिवे दोनदा बंद-चालू केले आणि सगळे माझ्याकडे वळले. मी खरंच सांगायला उभा राहिलो होतो. आमच्यात खरं सांगतात, आणि माझा तर तो लौकिकच आहे. हात वर केले आणि त्या सगळ्यांचे डोळे पाहिले. या लोकांना आयुष्यभर सगळ्यांनी 'नंतर सांगतो' म्हटलंय. आज कुणीतरी त्यांच्यासाठी वर जाऊन बघून आलं होतं. त्यांना मी स्क्रू कसा देऊ?

मी त्या विमानाच्या काचेतून पाहिलेला समुद्र काढला. तोच मोठा केला, गोल केला, डोक्यावर टांगला. त्याची कडा दाखवली, कडेपलीकडचा काळोख दाखवला. तू मान वर करून बघतोयस, जोडीदार बोलावतोय आणि तू म्हणतोयस, थांब, मला आधी डावीकडचं बघू दे, असं सगळं करून दाखवलं. किती वेळ सांगत होतो कुणास ठाऊक. कागदावर मी एकदा खोटं लिहिलं होतं. हातांनी हे पहिलंच. आणि लायल, माझे हात इतकं छान कधीच बोलले नव्हते.

संपल्यावर कुणी रुमाल हलवत होतं, कुणी जमिनीवर पाय आपटत होतं, फळ्यांतून माझ्या तळव्यांना ते कळत होतं. मिसेस ड्रेसलर स्टेजवर आल्या. म्हणाल्या, "इतकं पाहून आलेल्या माणसाला बादली म्हणणं शोभत नाही." तिथल्या तिथे सगळ्यांनी हात वर केले. तुझं नाव बदललं. एका तळहातावर दुसरा तळहात आडवा ठेवायचा आणि वरचा उचलायचा. खिडकी. आमच्यात एकदा नाव बदललं की जुनं कुणी काढत नाही.

तेव्हा ते घे आणि कधी इथे आलास तर त्या नावाला ओ दे. तेवढं तुला माझ्यासाठी करावं लागेल.

घरी मात्र मी तुझा विषय काढताना अजून बादलीच छातीशी धरतो. काल ऑपलनं विचारलं, "आता तो खिडकी ना? मग तू असं का करतोस?"

मी तिला म्हटलं, "नंतर सांगतो."

तुझा
वेंडेल